सत्त्याऐंशी किलोमीटर पुढची नोंद

एअरबॅगचा दिवा पेटलाय, तेवढा विझवून द्या, असं म्हणणारं गिऱ्हाईक माझ्याकडं महिन्यातून दोन-चार वेळा तरी येतं. बिघाड काढा असं कुणी म्हणत नाही, दिवा विझवा म्हणतात. मीटरच्या काचेत तो लाल माणूस बसलेला असतो, पोटापुढं गोल फुगा धरलेला, आणि त्याचाच लोकांना जाच होतो. गंगाखेडला परभणी रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली. माझं नाव सिद्धोधन. आणि आधीच सांगून ठेवतो, मी विहारात वाढलेला माणूस आहे. आमच्या घरात ना देव्हारा ना अंगारा, आणि कुणी भुताची गोष्ट काढली की मी त्याची टर उडवत आलो. त्यामुळं हे सांगायला मला जड जातं. पण जुनी गाडी घेऊ का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चहा घ्या आणि ऐका.

फेब्रुवारीतली गोष्ट. सोनपेठकडच्या एका खेड्यातले भागवतराव गाडी घेऊन आले. उसाची शेती, शांत माणूस, बोलताना समोरच्याच्या चपलांकडं बघायची सवय. गाडी चौदा वर्षांची, चंदेरी रंगाची, त्या काळी बड्या लोकांकडं असायची तसली लांबलचक. त्यांनी ती महिन्यापूर्वीच घेतली होती आणि घेतली होती लेकीसाठी. वैष्णवी त्यांची एकुलती एक, ताडकळसच्या पुढच्या एका गावात दिलेली. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं. मधे एकदा तिला त्रास झाला होता, तेव्हा डॉक्टरांनी धक्के बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. म्हणजे एसटी बाद. शिवाय शुक्रवारी तिला आठवा लागत होता, आणि आठव्यात आपल्याकडं लेकीला हलवत नाहीत. गुरुवारी आणली तर आणली, नाहीतर थेट नवव्यात, आणि नवव्यापर्यंत थांबायचं म्हटलं की भागवतरावांचा चेहराच उतरायचा.

"मिस्तरी, पोरगी मोरंच बसणार हाय," ते म्हणाले. "मागं बसली की तिला उलट्या व्हायलेत. सासरच्यांनी ह्यो दिवा बगितला की म्हणतील, कसली गाडी आणली. तेवढा इझवून द्या, लय उपकार व्हतील."

सोमवारची दुपार होती. गाडी आत घेतली, ऊन आत येत होतं म्हणून शटर अर्धं खाली ओढलं आणि स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे काय, गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या दुखण्याच्या नोंदी ठेवतो, त्या वाचायचं यंत्र. कुठला भाग बिघडला, तेव्हा गाडी किती किलोमीटर चालली होती, सीटवर कोणी होतं की नव्हतं, पट्टा लावलेला होता का, सगळं त्यात येतं. माणसाला विचारलं तर माणूस लपवतो. गाडी लपवत नाही. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

नोंदी दोन निघाल्या. पहिली साधी होती: डाव्या सीटपुढच्या एअरबॅगची वायर तुटली आहे. म्हणून दिवा. दुसरी नोंद धडकेची होती. धडक झाली, डावी सीट भरलेली, डावा पट्टा लावलेला, डावी एअरबॅग उघडली नाही.

गाडी कुठं ठोकली होती का म्हणून मी भागवतरावांना विचारलं. त्यांनी लेकीची शपथ घेऊन सांगितलं की खरचटलीसुद्धा नाही. मग आधीच्या कुणी ठोकली असेल, असं म्हणून मी नोंदीखालचा आकडा पाहिला. १,६३,२९१ किलोमीटर. मग मान वर करून गाडीचं मीटर पाहिलं. १,६३,२०४.

हसू नका, मीही पहिल्यांदा हसलोच. जुन्या गाड्यांची मीटरं मागं फिरवतात, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन लाख चाललेली गाडी एक लाखावर आणून विकतात. पण कोणी सत्त्याऐंशी किलोमीटर मागं फिरवतं का? मी दोन्ही नोंदी पुसल्या, चावी बंद केली, पुन्हा लावली. पहिली जाऊन परत आली, तशी ती येणारच, वायर तुटलेलीच होती. दुसरी जागची हललीच नाही. पाच वेळा पुसली. पाचही वेळा तोच आकडा, तीच भरलेली सीट.

भागवतरावांना गाडी ठेवून जा म्हणालो. ते एसटीनं गेले आणि मी कामाला लागलो. एअरबॅगच्या वायरीला हात घालायचा तर आधी बॅटरी सोडायची आणि दहा मिनिटं नुसतं बसायचं, कारण आत साठलेल्या विजेनं बॅग तोंडावर फुटू शकते. ती दहा मिनिटं मी पायरीवर बसून काढली. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, गाण्यांचा दणदणाट चालला होता. पण अर्ध्या शटरच्या आत, गाडीजवळ, तो आवाज पोचत नव्हता. म्हणजे ऐकू येत होता, पण लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

डाव्या बाजूचा खण काढला आणि डॅशबोर्डच्या पोटात डोकं घातलं. पहिल्यांदा वास आला. जुन्या गाडीत धुळीचा वास असतो, उंदराचा असतो. हा वास वेखंडाचा होता, ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना येतो तो, ऊबदार. मी दोन लेकरांचा बाप आहे, तो वास मी चुकणार नाही. काही क्षण मी तसाच डोकं आत घालून पडून राहिलो. मग टॉर्चचा उजेड आत पाडला.

एअरबॅग नव्हतीच. जिथं ती घडी घालून ठेवलेली असते तो डबा रिकामा होता. बॅग कधीतरी फुटलेली, काढून टाकलेली, आणि वरचं झाकण बाहेरून दिसणार नाही असं चिकटवलेलं. पिवळ्या वायरीच्या टोकाला बॅगेच्या जागी एक रेझिस्टर जोडला होता. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. ती जोडली की कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे, आणि दिवा पेटत नाही. आता त्याचा एक पाय गंजून तुटला होता, एवढंच.

तुमच्याकडं हे कुणाला माहीत नसेल, पण आमच्याकडं ही रीतच पडली आहे. धडक झालेली गाडी विकायची तर नवी बॅग कोण बसवतो? दाणा जोडायचा, दिवा गप्प.

मी तो जोड बाहेर ओढून पाहिला. काळ्या चिकटपट्टीवर मेणात बुडवलेला दोरा गुंडाळलेला होता, अडीच वेढे, आणि गाठ आतल्या बाजूनं मारलेली. तशी गाठ माझे उस्ताद मारायचे. ते वारल्यावर या जिल्ह्यात तशी गाठ मारणारा एकच माणूस उरलाय.

जोड माझाच होता.

मग आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वी बन्सीधर म्हणून एक जुन्या गाड्यांचा दलाल माझ्याकडं यायचा. एकदा त्यानं चार गाड्या एकदम आणल्या होत्या, दिवे विझवायला. मी विझवले. एका दुपारीत चारही. तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, तेही खोटं कशाला सांगू. त्या गाड्या कुणी घेतल्या, त्यांच्या डाव्या सीटवर इतकी वर्षं कोण बसत होतं, रिकाम्या डब्याकडं तोंड करून, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी तिथंच फरशीवर बसलो आणि मला माझी इतकी लाज वाटली, की सांगता येत नाही.

बन्सीधरला फोन केला. या गाडीचा आधीचा मालक कोण, आणि डाव्या सीटवरचं कुणी या गाडीत गेलं होतं का, म्हणून विचारलं. त्याला आठवत नव्हतं. आठवत असलं तरी त्यानं सांगितलं नसतं.

घरी बायकोला, सुकेशनीला, सगळं सांगितलं. ती अंगणवाडीत शिकवते, माझ्यापेक्षा पक्की बुद्धिवादी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "सत्त्याऐंशी किलोमीटर म्हंजे कुठं येतंय?"

हे मी मोजलंच नव्हतं. मोजलं, आणि ताटावर बसलेला तसाच उठलो. माझ्या दुकानापासून परभणी, तिथून ताडकळस, पुढं वैष्णवीचं सासर, सहासष्ट किलोमीटर. राहिले एकवीस. म्हणजे येताना. म्हणजे ती गाडीत बसल्यावर.

"तुमी सोबत जावा," सुकेशनी म्हणाली. "खरं असो का खोटं. जोड तुमचाय."

छत्रपती संभाजीनगरहून नवी कोरी एअरबॅग मागवली. ती बुधवारी संध्याकाळी आली, गुरुवारी सकाळी मी ती बसवली. इतक्या काळजीनं मी आजवर काही बसवलं नसेल. प्रत्येक वायर दोनदा तपासली. चावी लावली. लाल माणूस सहा सेकंद दिसला आणि विझला. पहिली नोंद गेली, ती परत आली नाही. छाती जरा हलकी झाली. मग दुसरी उघडून पाहिली.

ती होती. तोच आकडा, तीच भरलेली सीट. फक्त शेवटची ओळ बदलली होती. धडक झाली, डावा पट्टा लावलेला, डावी एअरबॅग उघडली.

भीती वाटली म्हणू का? भीती नव्हती ती. गोदावरीला मोठा पूर येतो तेव्हा आम्ही पुलावर बघायला जातो, आणि बघता बघता सगळे गप्प होतात, तसं झालं मला. जे घडलंच नव्हतं त्याचा हिशोब त्या पेटीत आधीच लिहिलेला होता, आणि माझ्या हातांनी मला त्यातला एकच शब्द बदलता आला होता.

भागवतराव सकाळच्या एसटीनं आले. त्यांना म्हणालो, भाड्याची जीप बघू. त्यांना ते लागलं. लेकीला स्वतःच्या गाडीतून आणायची म्हणून तर त्यांनी एवढा खटाटोप केला होता, आणि दिवा तर विझला होता. खरं कारण सांगायला माझी जीभ रेटली नाही. मग म्हणालो, बॅग नवीन बसवली आहे, चाचणी व्हायला हवी, गाडी मी चालवतो. ते खूश झाले.

सासरी जेवण झालं, लेकीची ओटी भरली, आणि आम्ही तीनच्या सुमाराला निघालो. मी वैष्णवीला मागं बसायला लावलं. चार किलोमीटरवर थांबावं लागलं, ती रस्त्याकडेला ओकत होती आणि भागवतराव तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडं पाहत होते. ती पुढं येऊन बसली. पट्टा पोटाखालून घ्यायला मी तिला सांगितलं. गोड पोरगी, तेवीस-चोवीस वर्षांची. बाळ फार लाथा मारतं म्हणून हसत सांगत होती. मी हं हं करत होतो, माझं लक्ष आकड्यांवर होतं. १,६३,२८४. २८५. दोन्हीकडं हरभऱ्याची काढणी चाललेली, मधे मधे ऊस. स्वच्छ ऊन. अशा उन्हात माणसाला काही होत असेल हे खरंच वाटत नाही.

२९० चा आकडा लागला तिथं नशिबानं एक रसवंती होती. मी गाडी थांबवली. चाकाचा आवाज येतोय, पुढं जाऊन बघून येतो, तुम्ही रस घ्या, असं सांगितलं. भागवतरावांनी सोबत येऊ का विचारलं, मी नको म्हणालो. वैष्णवी उतरली. पट्टा सुटून जागच्या जागी गेला, ते मी नीट पाहिलं. तिनं दार लावलं.

तुम्ही म्हणाल, गाडी तिथंच सोडून द्यायची होती. तो विचार मी तीन रात्री केला होता. पण गाडी सोडली म्हणून नोंद थोडीच सुटत होती. आज मी नेली नसती तर उद्या भागवतरावांनी नेली असती, परवा आणखी कुणी, आणि डाव्या सीटवर कुणीतरी बसलंच असतं. तो एक किलोमीटर संपवायलाच हवा होता आणि ते काम माझं होतं. मी बुद्धवंदना म्हटली. लहानपणापासून म्हणतो, पण त्या दिवशी शब्द कळून म्हटली.

गाडी वीसच्या वेगानं निघाली. मागं रसवंतीच्या घुंगरांचा आवाज लहान होत गेला. पुढं चढ होता, आणि चढावर उसाचे दोन ट्रेलर ओढत एक ट्रॅक्टर चालला होता, बराच लांब. आकडा अजून २९० च होता.

मग सीटच्या पट्ट्याची सूचना वाजायला लागली. टिंग... टिंग... टिंग. डावीकडच्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

डावीकडं कोणी नव्हतं. मी वळून बघणार होतो, आणि मान वळेना. स्पंज दबल्याचा आवाज आला, माणूस जरा सावरून बसतो तेव्हा येतो तसला. वेखंडाचा वास आला. मी समोर बघत राहिलो. आवाज फुटेल तेवढ्यानं म्हणालो, "बाई... पट्टा लावा."

खट् झालं. टिंगटिंग थांबली.

तेवढ्यात २९१ लागलं आणि चढावरच्या ट्रॅक्टरचा मागचा ट्रेलर सुटला. त्याची खीळ मोडली होती, हे मागून कळलं. उसानं भरलेला ट्रेलर उतारावरून उलटा येत होता, आवाज न करता, आणि मी ब्रेक दाबून उजवीकडं ओढायच्या आत तो डाव्या अंगानं आमच्यावर आला. आमच्यावर म्हणालो, बघा.

मोठा आवाज झाला. मग बराच वेळ कसलाच आवाज नव्हता. फटाक्याच्या जळक्या दारूचा वास, आणि गाडीभर पांढरी भुकटी तरंगत होती. बॅग फुटली की ती उडते. माझं मनगट दुखावलं होतं, ओठ फाटला होता. दोन्ही बॅगा उघडल्या होत्या. खरं तर रिकाम्या सीटसमोरची बॅग उघडत नाही, या गाडीत तशी सोयच आहे.

मान वळली. डावा पट्टा खिटीत अडकलेला होता, ताठ. भुकटी हळूहळू खाली बसत होती, सीटवर, दारावर, सगळीकडं सारखी. फक्त सीटच्या मध्यावर ती बसत नव्हती. पाठीएवढी जागा आणि मांड्यांएवढी जागा स्वच्छ काळी राहिली होती, आणि तिच्या कडा रेखल्यासारख्या. मी बघत होतो तोवर भुकटी त्या जागेला वळसा घालून उतरत होती. मी हात जोडले. का जोडले, कुणाला जोडले, मला माहीत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी "माफ करा" एवढंच म्हणत होतो.

मग ती जागाही पांढरी झाली.

भागवतराव धापा टाकत आले. त्यांनी डावी बाजू पाहिली. दार आत घुसलं होतं, पाय ठेवायची जागाच उरली नव्हती. त्यांनी त्या दारावर हात ठेवला. म्हणाले, "मिस्तरी, तुमाला ठाव व्हतं..." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

वैष्णवीला ट्रॅक्टरवाल्याच्या भावानं जीपनं माहेरी पोचवलं, आठवा लागायच्या आत. एप्रिलमध्ये तिला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. मी आता दिवे विझवत नाही. बन्सीधरच्या उरलेल्या तीन गाड्या शोधतोय, त्यातली एक सोनपेठला सापडली, दोन अजून कुठंतरी चालतायत. म्हणून तुम्हाला म्हणतो, घ्या जुनी गाडी, पण आधी माझ्याकडं आणा, डब्यात हात घालून बघू.

आणि एक. हे मी सुकेशनीलाही सांगितलेलं नाही. धडकेनंतर, भागवतराव धावत येण्याच्या आधी, मी ती उघडलेली डावी बॅग हातात घेऊन पाहिली होती. नवी कोरी, त्याच सकाळी मी बसवलेली, पांढरीशुभ्र. तिच्यावर खाली, मांडीवर घेतलेल्या लेकराचं कपाळ जिथं टेकेल तिथं, एक काळा गोल ठिपका होता. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून बोटानं लावतात, तेवढी काजळाची तीट. मी तिला बोट लावलं. काजळ ओलं होतं.